क्षयाच्या दारातला बहुरूपी

रात्री साडेअकराला मित्राचा मेसेज आला. आधी एका डब्याचा फोटो. काळा-सोनेरी डबा, वर दंड फुगवलेला माणूस, खाली ठसठशीत अक्षरांत ‘एसेन्शियल अमिनो ॲसिड्स’. मग प्रश्न : ‘धाकट्यासाठी मेडिकलवाल्याने दिलाय. अठराशे रुपये. अमिनो ॲसिडने टीबी बरा होतो का रे?’

धाकटा म्हणजे त्याचा भाऊ. वय चोवीस, औषधांना दाद न देणारा टीबी, उपचाराचा पाचवा महिना. मी म्हटलं, आधी त्याच्या गोळ्यांचा फोटो पाठव. पाच-सहा स्ट्रिप्स चादरीवर मांडून त्याने फोटो पाठवला. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं : सायक्लोसेरिन, २५० मिलिग्रॅम.

डब्यातल्या पावडरीने टीबी बरा होणार नव्हता. पण अमिनो आम्लाचंच सोंग घेतलेलं एक औषध त्याच्या भावाच्या पोटात पाच महिने रोज जात होतं, आणि ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मित्राला तेव्हा एवढंच लिहिलं, ‘डबा राहू दे, गोळ्या चुकवू नको.’ बाकीचं लिहायला बसलो तर रात्र गेली असती. ते इथे लिहितो.

शाळेत शिकलेलं आधी थोडं आठवू. आपल्या अंगातली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. डाळ, अंडं, दूध, मटण यांतून आपण प्रथिनं खातो, शरीर ती फोडतं आणि हवी तशी पुन्हा जोडतं. यातली बहुतेक अमिनो आम्लं दोन रूपांत असू शकतात, डावं आणि उजवं. घटक तेच, मांडणी आरशातली. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात जात नाही, तसाच हा फरक. सजीवांची प्रथिनं डाव्या अमिनो आम्लांचीच बनतात. माणूस असो, झुरळ असो की पिंपळ.

जंतूंनी मात्र एक उजवी चप्पल जपून ठेवली आहे. बहुतेक जंतूंच्या पेशीभोवती एक मजबूत जाळी असते. तिचे धागे एकमेकांना बांधायला त्यांना ॲलनीन नावाच्या अमिनो आम्लाचं उजवं रूप लागतं. क्षयाच्या जंतूलाही ते लागतं. हे रूप तो स्वतः घडवतो. एक एन्झाइम डाव्या ॲलनीनला फिरवून उजवं करतं, दुसरं एन्झाइम तशी दोन उजवी ॲलनीन जोडून जोडी बनवतं, आणि ती जोडी जाळीच्या कामाला जाते. जोडी मिळाली नाही की जाळी विरते आणि जंतू फुटतो.

आपल्या पेशींना अशी जाळीच नसते. म्हणजे घाव घालायला नेमकी जागा. पण हे सगळं कळायच्या आधीच औषध सापडलं होतं.

१९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. टीबीवर चालणारं पहिलं खरं अँटिबायोटिक. लोक खाटेवरून उठून चालू लागले. काही महिन्यांनी त्यांतले बरेच परत खाटेवर आले, कारण जंतू औषधाला सरावले होते. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे लख्ख दिसलं. एकट्या औषधाने टीबी हटत नाही, एकाच वेळी दोन-तीन बाजूंनी मारा करावा लागतो, हा धडा तेव्हा मिळाला.

दुसरी बाजू स्वीडनमधून आली. गोथेनबर्गच्या यॉर्गन लेहमान यांनी एक जुनं निरीक्षण वाचलं होतं : सॅलिसिलिक आम्ल दिलं की क्षयाचे जंतू जास्त ऑक्सिजन ओढतात. लेहमान यांनी विचार केला, हे जर जंतूच्या आवडीचं असेल तर त्यात थोडा फेरफार करून त्याच्या घशात अडकेल असं काही करता येईल. त्यातून पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ‘पास’ हे औषध निघालं. १९४४ साली ते पहिल्यांदा रुग्णांना दिलं गेलं. नावात ‘अमिनो’ आणि ‘आम्ल’ दोन्ही असली तरी ते प्रथिनांत बसणाऱ्या वीसांपैकी नाही. पण युक्ती लक्षात ठेवा. जंतूला जे हवं असतं त्याच्यासारखं दिसणारं, पण कामाचं नसलेलं काहीतरी त्याला द्यायचं.

आपल्याकडे गावात बहुरूपी यायचे. कधी फौजदार बनून, कधी तलाठी बनून. दारात उभा राहून असा दरडावायचा की नवी सून घाबरून कागदपत्रं शोधायला आत पळायची. सोंग हुबेहूब असेल तर घरचं काम तेवढा वेळ ठप्प. लेहमान यांनी ठरवून बहुरूपी घडवला. मातीतल्या जंतूंनी तो कुणी न सांगता केव्हाच घडवून ठेवला होता.

१९५५ साली अमेरिकेतल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी जवळपास एकाच वेळी एक नवं औषध जाहीर केलं. मातीतले जंतू निरनिराळे, पदार्थ एकच. मर्कने त्याला ऑक्सामायसिन म्हटलं, इलाय लिलीने सेरोमायसिन नावाने विकलं. रसायनशास्त्रज्ञांचं नाव टिकलं ते सायक्लोसेरिन. सेरीन नावाच्या अमिनो आम्लाचं उजवं रूप घ्या, त्याची दोन टोकं वळवून एक छोटं कडं करा, की झालं सायक्लोसेरिन. अँटिबायोटिकांचे रेणू पाहिले तर बहुतेक मोठे आणि गुंतागुंतीचे असतात. हा इवलासा आहे, आणि ॲलनीनच्या उजव्या रूपाशी त्याचा तोंडवळा जुळतो.

सुरुवातीला डॉक्टर गोंधळले. उंदरांवर हे औषध जेमतेम चालायचं, माणसांवर मात्र चांगलं. सहसा उलटं होतं. उंदीर बरे होतात आणि माणसांपर्यंत आलं की औषध आपटतं. उत्तर तुकड्यातुकड्याने मिळालं. आधी लक्षात आलं की जंतूंच्या भांड्यात उजवं ॲलनीन टाकलं तर सायक्लोसेरिनचा असर जातो. खरा फौजदार हजर झाला की सोंगाड्याला कोण विचारतो? मग १९६०च्या सुमारास जॅक स्ट्रॉमिंजर यांनी दाखवलं की हे औषध ती दोन्ही एन्झाइम अडवतं, डाव्याला उजवं करणारं आणि दोन उजव्यांची जोडी करणारं. आणि १९६५ साली पॉल होप्रिच यांनी उंदरांचं आणि गिनिपिगांचं रक्त तपासलं तर त्यात उजवं ॲलनीन सापडलं. उंदराच्या रक्तात खरा माल आधीच फिरत होता, म्हणून नकली माल खपत नव्हता.

मला हा शोध फार आवडतो. जंतूच्या भिंतीचं कोडं सोडवायला उंदराचं रक्त कामाला आलं म्हणूनही, आणि प्राण्यांवर फसलेलं औषध कुणीतरी लगेच फेकून दिलं नाही म्हणूनही.

इथवर गोष्ट हुशारीची आहे. पुढची तशी नाही.

सायक्लोसेरिन घेणाऱ्या रुग्णांना झोप यायची, डोकं दुखायचं, हात थरथरायचे. काहींना फिट्स आल्या. काहींना आवाज ऐकू येऊ लागले, कुणीतरी पाळत ठेवून आहे असं वाटू लागलं. काही खोल निराशेत गेले आणि काहींनी जीव दिला. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांत या औषधाला ‘सायको-सेरिन’ अशा धर्तीची टोपणनावं पडली. विनोद म्हणून ठीक, पण ज्याच्या घरात घडतं त्याला हसू येत नाही.

गंमत अशी की उलटंही घडत होतं. टीबीच्या औषधांचा आणि मनाचा संबंध तेव्हा नवा नव्हता. १९५२ साली न्यूयॉर्कजवळच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे औषध दिलेले रुग्ण वॉर्डात नाचत असल्याचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते. निराशेवरच्या औषधांचा इतिहास तिथून सुरू होतो. सायक्लोसेरिनबद्दल १९५९ साली जॉर्ज क्रेन या मानसोपचारतज्ज्ञाने नोंदवलं की टीबीबरोबर निराशा असलेल्या काही रुग्णांचा मूड सुधारला, भूक-झोप परत आली. एकच गोळी एकाला खड्ड्यात ढकलत होती आणि दुसऱ्याला वर काढत होती.

याचा उलगडा व्हायला तीस वर्षं लागली. आपल्या मेंदूत एक महत्त्वाचं दार आहे, एनएमडीए नावाचा रिसेप्टर. शिकणं, आठवण ठेवणं, भीती बसणं आणि भीती जाणं, सगळ्यात त्याचा हात. हे दार उघडायला ग्लुटामेट लागतं, आणि त्याच वेळी शेजारच्या दुसऱ्या कुलपात ग्लायसीन किंवा उजवं सेरीन बसावं लागतं. १९८९मध्ये कळलं की सायक्लोसेरिन याच दुसऱ्या कुलपात जाऊन बसतं. पण ही किल्ली अर्धवट फिरते. कुलूप रिकामं असेल तर दार थोडं उघडतं. तिथे आधीच नीट किल्ली असेल आणि औषध भरपूर असेल, तर ते उलट अडथळाच करतं. मूड वर जाणं आणि मन बिघडणं, दोन्ही एकाच रेणूतून कसं येऊ शकतं याचं बरंचसं उत्तर इथे आहे असं मानलं जातं.

आणि उजवं सेरीन मेंदूत आलं कुठून? सस्तन प्राण्यांना उजव्या अमिनो आम्लांचं काम नसतं असंच पुस्तकं सांगत होती. १९९२ साली जपानी शास्त्रज्ञांना उंदराच्या मेंदूत ते चांगल्या प्रमाणात सापडलं. पुढे माणसाच्या मेंदूतही. उजवी चप्पल फक्त जंतूकडे आहे, आपल्याकडे नाही, या भरवशावर ज्या औषधाकडे पाहिलं जात होतं, त्याच्या ओळखीची एक चप्पल आपल्याच घराच्या माळ्यावर निघाली.

२००४ साली अमेरिकेत अटलांटाच्या संशोधकांनी उंचीची भीती असलेल्या २८ लोकांवर एक प्रयोग केला. डोळ्यांवर व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा, त्यात वर जाणारी काचेची लिफ्ट. फक्त दोन सत्रं, आणि प्रत्येक सत्राआधी काहींना सायक्लोसेरिनचा एक डोस. त्यांची भीती इतरांपेक्षा जास्त कमी झाली. नंतरच्या अभ्यासांत निकाल इतके ठळक राहिले नाहीत, पण तेव्हा ही मोठी बातमी होती. तिथे आयुष्यात दोनदा घेतलेली गोळी आणि आपल्याकडे दीड-दोन वर्षं रोज दोन-तीन वेळा गिळलेली तीच गोळी. एकाच रेणूचे दोन संसार.

आपल्याकडे ती सरकारी कार्यक्रमात आली २००७ साली. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी ‘डॉट्स-प्लस’ सुरू झालं ते गुजरात आणि महाराष्ट्रात. महाराष्ट्रात सुरुवात नागपूरची. दोन वर्षांहून लांब कोर्स, पहिले सहा ते नऊ महिने कानामायसिनचं इंजेक्शन, सोबत गोळ्यांची मूठ. इंजेक्शन थांबलं तरी सायक्लोसेरिन शेवटपर्यंत. कानामायसिनने कित्येकांचे कान गेले, आणि त्याबद्दल निदान बोललं तरी गेलं. बहिरेपण मशीनवर मोजता येतं. सायक्लोसेरिनने जे व्हायचं त्याला घरात वेगळी नावं मिळायची : ‘चिडका झालाय’, ‘नोकरी गेल्याचं मनाला लावून घेतलंय’, ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’. गोळीवर संशय सगळ्यात शेवटी.

मित्राच्या घरातही तसंच चाललं होतं. धाकटा रात्रभर जागा असायचा आणि शेजारचे भिंतीला कान लावून आपलं बोलणं ऐकतात असं म्हणायचा. आईने दृष्ट काढली होती. ज्या दवाखान्यातून गोळ्या मिळत तिथे पाच महिन्यांत ‘झोप लागते का, काही भास होतात का’ असं कुणी विचारलं नव्हतं. बी-६ची गोळी लिहून दिलेली होती (सायक्लोसेरिनसोबत ती मज्जासंस्थेच्या रक्षणासाठी देतात), पण ‘ही ताकदीची आहे’ एवढंच सांगितल्यामुळे त्याने ती बंद केली होती. डबा आल्यावर ताकदीची गोळी कशाला?

डब्यावरून आर्जिनीनची गोष्ट आठवली. तीही अमिनो आम्लाचीच, फक्त उलट बाजूने : जंतूला फसवायचं नाही, रुग्णाला खाऊ घालायचं.

आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळल्यावर त्याच्यावर नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हा वायू त्या आर्जिनीनपासून बनवतात. उंदरांत हे शस्त्र काढून घेतलं तर ते टीबीने भराभर मरतात, हे नव्वदच्या दशकात दिसलं. मग विचार सरळ होता, रुग्णाला जास्त आर्जिनीन द्या. इथिओपियातल्या गोंदरमध्ये स्वीडिश डॉक्टर थॉमस शॉन आणि सहकाऱ्यांनी १२० रुग्णांवर चाचणी केली, नेहमीच्या औषधांसोबत रोज १ ग्रॅम आर्जिनीन, चार आठवडे. २००३ साली निकाल आला. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांचं वजन जास्त वाढलं, खोकला कमी झाला, थुंकीतले जंतू लवकर गेले. सगळे खूश.

पण कॅप्सूल महाग. मग त्याच गटाने तेवढंच आर्जिनीन स्वस्तात कुठे मिळेल ते शोधलं आणि पुढची चाचणी केली ती शेंगदाण्यांची! रोज मूठभर, ३० ग्रॅम. २०११ साली निकाल आला : एकंदरीत फरक नाही. एचआयव्ही असलेल्या रुग्णांच्या गटात थोडा फायदा दिसला, म्हणजे पहिल्या चाचणीच्या बरोबर उलट. पुढे इंडोनेशियातल्या पापुआ प्रांतात तिमिका इथे ॲना राल्फ यांच्या गटाने २०० रुग्णांवर चाचणी केली, त्यांतल्या काहींना रोज ६ ग्रॅम आर्जिनीन दिलं, ड जीवनसत्त्वासोबत किंवा त्याशिवाय. २०१३चा निकाल : काही फायदा नाही.

इंटरनेटवर शोधलंत तर तुम्हाला २००३चा अभ्यास हमखास सापडेल. पावडर विकणाऱ्यांना २०१३चा सापडत नाही.

दरम्यान दुसरीकडे काही शास्त्रज्ञ त्याच आर्जिनीनकडे जंतूच्या बाजूने पाहत होते. क्षयाचा जंतू स्वावलंबी आहे, वीसही अमिनो आम्लं स्वतः बनवतो. आपलं शरीर त्याची उपासमार करू पाहतं. ट्रिप्टोफॅन तोडून टाकतं, म्हणजे जंतूला मिळू नये. काही जंतू त्याने मरतात. हा मरत नाही, घरीच बनवून घेतो. २०१३ साली हार्वर्डच्या एरिक रुबिन यांच्या गटाने दाखवलं की त्याचा हा घरगुती कारखाना बंद पाडला तर शरीराचा डाव सफल होतो. न्यूयॉर्कमध्ये विल्यम जेकब्स यांच्या प्रयोगशाळेने २०१८मध्ये असे जंतू तपासले ज्यांना स्वतःचं आर्जिनीन बनवता येत नाही. ते नुसते वाढायचे थांबले नाहीत, झपाट्याने मेले. ज्या आर्जिनीनचे डबे आपण रुग्णाला पाजायला निघालो, ते बनवायची सोय काढून घेतली तर जंतू मरतो. यातून औषधाच्या दुकानात अजून काही आलेलं नाही. सायक्लोसेरिन मात्र ७० वर्षांनंतरही दुकानात आहे.

आता त्याची गरज कमी होते आहे. सहा महिन्यांचा, चार गोळ्यांचा नवा कोर्स जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सुचवला आणि भारताने २०२४च्या सप्टेंबरमध्ये मंजूर केला. त्यात इंजेक्शन नाही, सायक्लोसेरिनही नाही. ज्यांना तो देता येत नाही त्यांच्या लांब कोर्समध्ये ते अजून असतं. धाकटा त्या लांब कोर्समधला.

मग प्रथिनांचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो डब्यातून येत नाही. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने गरीब वस्तीतल्या रुग्णांना घरीच ‘पास’ आणि आयसोनियाझिड दिलं आणि दाखवलं की ते सॅनेटोरियममधल्या, चांगलं जेवण मिळणाऱ्या रुग्णांइतकेच बरे होतात. हा शोध मोठा होता. त्यामुळे लाखो लोकांना घरी राहून उपचार घेता आले. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की जेवणाचा प्रश्न बराच काळ मागे पडला. तो पुन्हा पुढे आला झारखंडमधल्या एका चाचणीने, जिचा निकाल २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. टीबी झालेल्यांच्या घरच्यांना दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. तांदूळ आणि डाळ. त्यात वीसही अमिनो आम्लं आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राला फोन करून मी दोनच गोष्टी सांगितल्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि भिंतीला कान लावणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल डॉक्टरांना आजच सांगा, दृष्ट काढल्याचं नाही सांगितलं तरी चालेल. ते गेले. डॉक्टर बाईंनी सायक्लोसेरिन थांबवलं, दुसरी गोळी सुरू केली, बी-६ पुन्हा घ्यायला सांगितली आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. शेजारी भिंतीपासून दूर व्हायला तीन आठवडे लागले.

धाकटा आता कामावर जातो. डब्याचं काय झालं म्हणून परवा विचारलं, तर मित्राने फोटो पाठवला. पावडर संपली होती, वडिलांनी चहातून संपवली म्हणे. डबा ओट्यावर होता. आई त्यात शेंगदाण्याचं कूट ठेवते.